लिटरेचर रिव्ह्यू आणि वाण्याची यादी

या वेळी आलेल्या मेलपैकी निम्म्या पीएचडीवाल्यांच्या आहेत, आणि त्यातल्या बहुतेक ठाणे-नवी मुंबईच्या, ट्रान्स हार्बर लोकलमध्ये उभ्याने टाईप केल्यासारख्या, स्वल्पविराम-पूर्णविराम सगळे घणसोलीला उतरून गेलेले. चार निवडल्यात. पहिलीला सगळ्यात जास्त जागा देतेय कारण तिने सोबत स्वतः लिहिलेलं एक पान पाठवलंय, आणि "मला लिहिता येत नाही" असं नुसतं म्हणणाऱ्यापेक्षा पान पाठवणाऱ्याला मदत करणं फार सोपं असतं.

प्रश्न: ताई, मी कळव्याला राहते, नेरूळच्या एका कॉलेजमध्ये समाजशास्त्र शिकवते, पार्ट टाईम पीएचडीचं हे तिसरं वर्ष. विषय 'नागरीकरणाचा नवी मुंबईतील कोळी समाजावर झालेला परिणाम', प्रबंध मराठीतूनच लिहायचाय. 140 पीडीएफ फोल्डरमध्ये आहेत, दिवाळे आणि सारसोळे इथे 22 घरांत मुलाखती झाल्यात, वह्या भरल्यात, पण लिहायला बसलं की दोन ओळींच्या पुढे जात नाही. दुसरा चॅप्टर, म्हणजे लिटरेचर रिव्ह्यू (आधीच्या अभ्यासांचा आढावा), कसाबसा करून सरांना दाखवला तर ते म्हणाले, "हे सगळं लोकांचं झालं, यात तू कुठे आहेस?" मला खरंच कळलं नाही की त्यांना काय पाहिजे. घरी सासूबाईंचं आजारपण, मुलगा दहावीला, त्यात वेळ कधी काढायचा तेही सांगा. एक पान पाठवतेय, हसू नका.

उत्तर: हसले नाही गं. तूच म्हणते, चालेल ना, माझी मुलगी तुझ्याच वयाची असेल.

तुझं पान असं आहे (नावं मी काढलीत): "अमुक यांनी कोळी समाजाच्या आर्थिक स्थितीचा अभ्यास केला आहे. तमुक यांनी खाडीतील प्रदूषणाचा अभ्यास केला आहे. आणखी एकांनी मच्छीमार स्त्रियांच्या समस्यांचा अभ्यास केला आहे." असं खाली पानभर, चौदा जणांनी चौदा अभ्यास केलेत. ही वाण्याची यादी झाली. साखर 2 किलो, तूरडाळ 1 किलो, साबण 4. यादीत चूक काहीच नाही, पण त्यावरून आज घरात काय शिजणार ते कळत नाही. सर "तू कुठे आहेस" म्हणतात ते हेच, सामान आणलंस पण चूल पेटलेली दिसत नाही.

आता गंमत बघ. त्याच मेलमध्ये खाली, सहज बोलल्यासारखं तू लिहिलंयस की मुलाखती घेताना एक गोष्ट सारखी जाणवली, ज्यांची शेती नाहीतर मिठागर सातबारावर होतं त्यांना साडेबारा टक्क्यांचा प्लॉट मिळाला (नवी मुंबई वसवणाऱ्या सिडकोने घेतलेल्या जमिनीच्या बदल्यात द्यायच्या योजनेतला) आणि त्यांची घरं तीन मजली झाली, पण ज्यांचं पोट फक्त खाडीवर होतं, त्यांच्याकडे दाखवायला कागदच नव्हता. अगं, हाच तुझा थिसिस आहे! तो चॅप्टरमध्ये यायच्या ऐवजी ताईला लिहिलेल्या मेलच्या तळाशी पडलाय. चॅप्टरमध्ये तू हीच गोष्ट कशी लिहिलीस? "नागरीकरणाच्या प्रक्रियेमुळे पारंपरिक उपजीविकेच्या साधनांचा ऱ्हास होत असल्याचे निदर्शनास येते." यात माणूस नाही, खाडी नाही, आणि मुख्य म्हणजे कोणी वाद घालावा असं काही नाही. ज्या वाक्याशी कोणी भांडूच शकत नाही ते वाक्य प्रबंधात फार जागा अडवून बसतं.

मग त्या चौदा जणांचं काय करायचं? त्यांना माणसांप्रमाणे नाही, प्रश्नाप्रमाणे बसवायचं. तुझ्याच पानावरून मी एक कच्चा परिच्छेद करून दाखवते, भाषा तू तुझी कर:

"खाडीकिनाऱ्यावरच्या मासेमारीबद्दल लिहिणाऱ्यांमध्ये ढोबळमानाने दोन गट दिसतात. एकाचं लक्ष पाण्याकडे आहे, म्हणजे कारखान्यांचं सांडपाणी, भराव, घटलेली मासळी. दुसऱ्याचं लक्ष जमिनीकडे आहे, म्हणजे सिडकोचं भूसंपादन, मोबदला, पुनर्वसन. दोन्ही गट कोळी समाज हा एकच, एकसारखं नुकसान झालेला समाज आहे असं धरून चालतात. जमिनीचा कागद असलेलं घर आणि नसलेलं घर, या दोघांच्या वाट्याला हे शहर वेगवेगळं आलं का, हा प्रश्न या लेखनात विचारलेला दिसत नाही. प्रस्तुत अभ्यास तो विचारतो."

पाच-सहा वाक्यं. चौदा नावं यातच कंसात बसतात, दोनदोन तीनतीन करून. आणि शेवटच्या दोन वाक्यांत तू आहेस. भाषाशास्त्रज्ञ जॉन स्वेल्स यांनी शोधनिबंधांच्या प्रस्तावना तपासून 1990 साली जो साचा मांडला तो हाच, आधी हा परिसर काय आहे ते सांगायचं, मग त्यात मोकळी जागा कुठे आहे ते दाखवायचं, मग त्या जागेवर आपण उभं राहायचं. लोकलमध्ये आपण तेच करतो की, डब्यात शिरलं की आधी नजर फिरवतो, कुठे कोण उतरणार याचा अंदाज घेतो, आणि मग सरकून उभं राहतो. तू अजून दारातच उभी आहेस, आत कोण कोण बसलंय त्यांची नावं वाचत.

एक सावधगिरी. "कोणीच विचारलेलं नाही" हे लिहायच्या आधी शोधगंगावर जाऊन बघ. देशभरातल्या विद्यापीठांचे प्रबंध तिथे फुकट वाचायला मिळतात, इन्फ्लिबनेट या सरकारी केंद्राचं काम आहे ते. कोळी, मच्छीमार, सिडको, प्रकल्पग्रस्त, प्रत्येक शब्द मराठीत आणि इंग्रजीत दोन्हीकडे टाकून शोध, कारण एकाच गोष्टीला तिथे दहा नावं असतात. आणि त्यातले दोन चांगले प्रबंध माहितीसाठी नाही तर सांगाड्यासाठी वाच, प्रत्येक चॅप्टरचं पहिलं आणि शेवटचं पान फक्त, म्हणजे लेखकाने वाचकाला हात धरून कसं नेलंय ते कळतं. हे कोर्सवर्कमध्ये सहसा कोणी शिकवत नाही. मागचं बघायचं असेल तर 1882 चं ठाणे जिल्ह्याचं गॅझेटियर आहे, मुंबई इलाख्याच्या मालिकेतला तेरावा खंड, गोऱ्या साहेबाच्या नजरेने लिहिलेलं आहे हे लक्षात ठेवून वाचायचं. आणि साडेबारा टक्क्यांचा मुद्दा घेणारच असशील तर 1970 ला सिडको आली, जानेवारी 1984 ला प्रकल्पग्रस्तांचे नेते दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उरण-जासईला आंदोलन झालं, गोळीबारात पाच जण गेले, इथपासून धागा धरावा लागेल. ती योजना कोणी मेहेरबानी म्हणून दिलेली नव्हती.

आता ते 140 पीडीएफ. सगळे पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचायचे नसतात, हे कोणीतरी तुला पहिल्या वर्षीच सांगायला हवं होतं. श्रीनिवासन केशव या कॉम्प्युटरच्या प्राध्यापकांनी 2007 साली पेपर कसा वाचावा यावर दोन पानांचं टिपण लिहिलं, तीन फेऱ्यांत वाचा म्हणाले. पहिली फेरी पाच-दहा मिनिटांची, शीर्षक, सारांश, मथळे, निष्कर्ष, संदर्भयादीवर एक नजर. दुसरीत नीट वाचायचं पण बारकाव्यात अडकायचं नाही. तिसरी फेरी मोजक्याच पेपरना, ज्यांच्याशी तुझं भांडण आहे किंवा ज्यांच्या खांद्यावर तू उभी आहेस. त्यांनी लिहिलं होतं कॉम्प्युटरवाल्यांसाठी, पण समाजशास्त्रालाही तंतोतंत लागू. माझा अंदाज, तुझ्या 140 मधले शंभर पहिल्या फेरीतच घरी जातील.

उरलेल्यांसाठी एक एक्सेल शीट कर. प्रत्येक पेपरला एक ओळ. रकाने हे: त्यांनी नेमका काय प्रश्न विचारला, कुठे आणि कोणाला विचारला, काय मिळालं, कोणाशी पटत नाही, आणि शेवटचा रकाना "मला काय वाटतं". हा शेवटचा रिकामा ठेवायचा नाही, "काही वाटत नाही" वाटलं तर तसं लिही, तेही उपयोगी पडतं. महिन्याभराने ती शीट आडवी नको, उभी वाच. एकाच रकान्यात खालपर्यंत नजर फिरवलीस की गट आपोआप दिसायला लागतात.

आणि पान नंबर! हे मी तळमळीने सांगतेय. माझ्या वेळी कॉम्प्युटर नव्हता, मी बुटांच्या खोक्यांत कार्डं ठेवायचे, सुंदर अक्षरात उतारे काढलेले, आणि घाईघाईत कितीतरी कार्डांवर पान नंबर लिहिलाच नाही, म्हटलं नंतर बघू. ते नंतर म्हणजे थिसिस बाइंडिंगला जायच्या आधीचा जुलै महिना, धो धो पाऊस, नौपाड्याहून छत्री घेऊन रोज लायब्ररी, आणि एका ओळीसाठी चारशे पानांचं पुस्तक पुन्हा चाळायचं. दोन पुस्तकं तर तोवर दुसऱ्या कोणीतरी घरी नेली होती. आता झोटेरो हे संदर्भ सांभाळणारं सॉफ्टवेअर आहे, फुकट आहे, त्यात पीडीएफवरच खूण केली की पान नंबरासकट नोट तयार होते. आजच टाक. मराठी पुस्तकांची माहिती मात्र हाताने भरावी लागते, त्यात आवृत्ती आणि प्रकाशनाचं वर्ष विसरू नकोस.

वेळेचं म्हणशील तर "सुट्टीत सलग लिहीन" हे सोडून दे, ती सुट्टी येत नाही आणि आलीच तर पाहुणे येतात. ठाणे ते नेरूळ जाताना तुला बसायला मिळतं की नाही मला माहीत नाही, मिळत असेल तर ऐरोली गेलं की लॅपटॉप नाही, वही काढायची, आणि तुर्भे येईपर्यंत एकच काम, काल घेतलेल्या एका मुलाखतीबद्दल किंवा वाचलेल्या एका पेपरबद्दल पाच वाक्यं. चांगली नकोत, पाच हवीत. उभं राहावं लागलं तर फोनवर. संध्याकाळी परत येताना ती पाच वाक्यं फक्त वाचायची, दुरुस्त करायची नाहीत. वाईट लिहिण्याची सवय लागल्याशिवाय चांगलं लिहायला सुरुवात होत नाही, दुरुस्तीचं बघू रविवारी, सासूबाई दुपारी झोपल्या की. आणि नियम म्हणशील तर यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) 2022 च्या नियमांत कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, वर दोन वर्षांची मुदतवाढ, आणि बायकांना त्यापुढेही दोन वर्षांची सवलत आहे. तिसऱ्या वर्षात तू उशिरा नाहीयेस. मुलाची दहावी होऊ दे शांतपणे.

प्रश्न: मॅडम, मी घणसोलीत राहतो, मॅनेजमेंटमध्ये पीएचडी चालू आहे, थिसिस इंग्रजीत. ड्राफ्ट कॉपी पकडणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये टाकून बघितला तर 34 टक्के मजकूर दुसरीकडे जुळतो असं आलं. मी कॉपी केलेली नाही, शपथ. रूममेट म्हणतो एआयला दे, तो शब्द बदलून देईल, पाच मिनिटांत दहाच्या खाली. करू का?

उत्तर: अरे थांब, आधी रिपोर्ट उघडून तरी बघितलास का, की नुसता आकडा बघून घाम फुटला? ते सॉफ्टवेअर चोरी शोधत नाही, सारखेपणा शोधतं. यूजीसीचे 2018 चे नियम आहेत, त्यात संदर्भयादी, अनुक्रमणिका, ऋणनिर्देश, नीट श्रेय दिलेली अवतरणं, कायद्यांची भाषा, ठरलेली सूत्रं हे सगळं तपासणीतून वगळायचं असतं, आणि सलग 14 शब्दांपर्यंतचा योगायोगाने जुळलेला मजकूरही. पुष्कळदा सेटिंगमध्ये हे वगळलेलंच नसतं. ते वगळून पुन्हा चालव. उरलेला आकडा 10 पर्यंत असेल तर काही होत नाही. 10 ते 40 मध्ये असेल तर सहा महिन्यांच्या आत सुधारून द्यायला सांगतात, 40 ते 60 असेल तर एक वर्ष सबमिटच करता येत नाही, आणि 60 च्या वर रजिस्ट्रेशन रद्द. तुझं विद्यापीठ याहून कडक असू शकतं, ते विचारून घे.

आता शब्द बदलण्याचं. समानार्थी शब्द घालून वाक्य तेच ठेवलं तर सॉफ्टवेअर कदाचित फसेल, व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, समोर बसलेला माणूस फसत नाही, कारण अशा वाक्यांना एक विचित्र वास येतो, 'मानव संसाधन'चं 'मनुष्यसाधनसामग्री' झालेलं असतं. एआयचा दुसरा धोका जास्त मोठा आहे, तो छान दिसणारे पण अस्तित्वातच नसलेले संदर्भ तयार करतो, लेखक खरा, जर्नल खरं, पेपर मात्र कोणी लिहिलेलाच नाही. प्रत्येक संदर्भाचा डीओआय (पेपरचा ऑनलाइन ओळख क्रमांक) टाकून तो पेपर उघडतो का हे स्वतः बघितल्याशिवाय यादीत घालू नकोस. स्पेलिंग-व्याकरण तपासायला एआय वापरायची परवानगी आहे का, ते गाईडना लेखी विचार.

माझी युक्ती जुनी आहे पण हमखास. उतारा वाच, पीडीएफ बंद कर, आणि त्याच रूममेटला चहा पिता पिता मराठीत सांग की या लेखकाचं म्हणणं काय आहे. तू मराठीत सांगशील तेव्हा इंग्रजीतला एकही शब्द जसाच्या तसा येऊच शकत नाही, आणि तुला कळलं नसेल तर तिसऱ्या वाक्याला अडशील, तेही बरंच. मग जे बोललास ते इंग्रजीत लिही. मग पीडीएफ उघडून ताडून बघ आणि संदर्भ दे. आपल्याकडे मुलं मराठी माध्यमातून आल्याचं ओझं घेऊन फिरतात, इथे ते ओझं नाही, हत्यार आहे. रूममेटला पण कामाला लाव, फार सल्ले देतो.

प्रश्न: मी ठाणे पश्चिमेला राहते, कॉमर्समध्ये पीएचडी करतेय. एका जर्नलचा मेल आलाय, 'आदरणीय संशोधक, आपला पेपर तीन दिवसांत प्रकाशित करू', 1800 रुपये, सर्टिफिकेट मिळेल. थिसिस द्यायच्या आधी पेपर लागतोच म्हणतात ना, मग देऊन टाकू का? यूजीसी केअरमध्ये, म्हणजे यूजीसीच्या मान्य जर्नलांच्या यादीत, आहे असं लिहिलंय.

उत्तर: नको. तीन दिवसांत दुसऱ्या कोणी अभ्यासकाने वाचून अभिप्राय देणं शक्य नाही, म्हणजे कोणी वाचणारच नाहीये, 1800 रुपयांत तुला पीडीएफ आणि रंगीत सर्टिफिकेट मिळेल आणि ते नाव तुझ्या बायोडेटाला कायम चिकटून राहील. यूजीसी केअरची यादी फेब्रुवारी 2025 मध्येच बंद झाली, तेव्हा जो अजून त्या यादीच्या जोरावर पैसे मागतोय त्याच्याबद्दल तेवढ्यावरूनच काय ते समज. आणि 2022 च्या नियमांनी थिसिसआधी पेपरची देशभरची सक्ती काढली, तरी एखादं विद्यापीठ स्वतःची अट ठेवू शकतं, म्हणून मैत्रिणींचं ऐकू नकोस, तुझ्या विद्यापीठाच्या पीएचडी सेलमधून लेखी घे.

चांगलं जर्नल शोधायला लांब जायचं कारण नाही, तुझ्याच संदर्भयादीत बघ, ज्या जर्नलमधले चार-पाच पेपर तू आवडीने वाचलेस तिथेच पाठव. नाही म्हणतील. पण नाही म्हणताना जे दोन परिच्छेद लिहितात ते फुकटचं शिक्षण असतं. मला पहिल्यांदा जे उत्तर आलं होतं त्यात 'लेखिकेने आपलं म्हणणं नवव्या पानावर सांगितलं आहे, ते पहिल्या पानावर चाललं असतं' असं होतं, दोन दिवस जेवले नाही नीट, आणि मग नववं पान उचलून पहिलं केलं.

प्रश्न: पनवेलहून लिहितोय, वय 52, बँकेत आहे, हौसेने पीएचडीला नाव घातलं. गाईड सर स्वभावाने चांगले आहेत पण चॅप्टर पाठवला की दोन-दोन महिने उत्तर नाही. मागे लागायला बरं वाटत नाही. काय करावं?

उत्तर: मागे लागायचंच, पण वेगळ्या तऱ्हेने. तुम्ही बँकेतले, तुम्हाला कळेल, 60 पानांची फाईल टेबलावर आली की साहेब ती बाजूला ठेवतात आणि एका सहीचा कागद आला की लगेच करतात. चॅप्टर पाठवू नका, तीन-चार पानं पाठवा, आणि मेलमध्ये वरच दोन प्रश्न लिहा. भेट झाली की त्याच संध्याकाळी "आज असं ठरलं" म्हणून चार ओळींची मेल टाका, पुढे मतभेद झाले तर ती कामाला येते. शिवाय दर सेमिस्टरला सल्लागार समितीपुढे प्रेझेंटेशन द्यायचं असतं, नियमातच आहे, त्या तारखेच्या पंधरा दिवस आधी सगळेच गाईड जागे होतात, तेव्हा आपलं सामान तयार ठेवा. 'सर, कृपया आपला अभिप्राय कळवावा' या मेलला कधीच उत्तर येत नाही. 'सर, पान 3 वरचा दुसरा परिच्छेद ठेवू की काढू?' याचं उत्तर माणूस रिक्षात बसूनही देतो.